काल आलेला वाघ

कोसमटोला, धानोऱ्याच्या आत
२४ नोव्हेंबर १९५७

ती. इंदुताईंना,

रुखमाचा नमस्कार. तुमचे पत्र आठवडी बाजाराच्या दिवशी मिळाले. तुम्ही एम.ए.च्या वर्गात बसता आणि तुमचे प्राध्यापक ‘शब्द नसेल तर विचारही नसतो’ असे शिकवतात, ते मी दोनदा वाचले. उत्तर द्यायला मी कोण? आमच्या घरात पाटीवर पहिले अक्षर काढणारी मीच. चांद्याच्या ट्रेनिंगच्या वसतिगृहात तुम्ही माझे ‘मले’चे ‘मला’ केले नसते, तर आज मी मास्तरीण नसते. तरीही एक गोष्ट सांगते. चुकत असेन तर स्पष्ट कळवा.

आमच्या शाळेच्या ओट्यावर मंगली नावाची मुलगी येऊन बसते. दहाएक वर्षांची असावी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलताही येत नाही. पटावर तिचे नाव नाही. तिचा बाप पत्रू जंगलखात्याच्या तोडीवर जातो, आई बुधरी घरी असते. बुधरीला गोंडीच येते. मराठीतले तिला ‘हो’ आणि ‘नाई’ एवढेच ठाऊक, आणि तेही ती लाजत बोलते. धाकटी बहीण चंदा पाच वर्षांची, ती चुरूचुरू दोन्ही बोलते.

गेल्या सोमवारी मंगली आली. स्वतःच्या दंडावर बोटांनी आडवे पट्टे ओढले, चार पायांवर वाकली, ओंजळीने पाणी पिण्याची नक्कल केली, वळून निघून गेली. मग खांद्यावरून मागे हात टाकला. चंदा म्हणाली, “बाई, वाघ आल्ता म्हनते. नाल्यावर. काल.” मुले धावत गेली. चिखलात पंजा होता.

इथली वानरे वाघ दिसला की खाकरतात, ते मी रोज ऐकते. पण काल आलेल्या वाघासाठी कोणतेही वानर आज खाकरत नाही. मंगलीने काल आलेला वाघ सांगितला. मग तो वाघ रात्रभर तिच्या डोक्यात कोणत्या शब्दात बसला होता?

दुसरी गोष्ट सांगायची की नाही, ठरत नव्हते. बुधवारी तिने पुन्हा पट्टे ओढले आणि शाळेच्या मागे बोट दाखवले. सगळी मुले किंचाळत पळाली, मीही पळाले. वळून बघते तो ही माझ्या खुर्चीत पाय हलवत बसलेली. वाघ नव्हताच. वानराला हे जमेल का, तेवढे तुमच्या प्राध्यापकांना विचाराल?

तुमची,
रुखमा


नागपूर
८ डिसेंबर १९५७

प्रिय रुखमा,

तुझं पत्र मी स्वयंपाक करता करता वाचलं आणि भाकरी तव्यावरच करपली. अगं, तुला कळतंय का तू काय लिहिलंस? आम्ही इथे जाड जाड ग्रंथ उघडून माणूस पहिल्यांदा कसा बोलला असेल यावर वाद घालतो. कुणी म्हणतं ओरडण्यातून, कुणी म्हणतं हातांच्या खुणांतून. आणि तुझ्या ओट्यावर एक मुलगी स्वतःपुरती भाषा घडवते आहे!

सरांना सांगितलं. ते म्हणाले, “खोड्या माकडंही करतात. जे घडलं नाही, पुढे कधी घडेल, त्याबद्दल ती काही सांगू शकते का, ते पाहा.” सरांना माझ्याकडून पहिल्यांदाच काहीतरी नवं ऐकायला मिळालं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून ठेवला.

नाताळच्या सुटीत मी येते. वडशापर्यंत छोट्या गाडीनं, पुढे मिळेल त्या मोटारीनं. माझ्यासाठी काही करू नकोस. तू करशीलच, म्हणून आधी सांगून ठेवते.

इंदू


कोसमटोला
१२ जानेवारी १९५८

ती. इंदुताईंना,

तुम्ही सुखरूप पोहोचलात हे कळले. तुमचा विसरलेला रुमाल धुऊन ठेवला आहे, कोणी धानोऱ्याला गेले की टपालात टाकीन.

मंगली बरी आहे. डोळ्यांभोवती दोन्ही हातांची कडी करून ती अजून रस्त्याकडे बघते. ते तुमचे नाव झाले. तुम्ही आलात त्याच दिवशी, संध्याकाळ व्हायच्या आत, तिने ते ठेवले. चष्मा कसा चमकला असेल तिला! गावातली मुलेही आता कडी करतात आणि हसतात.

मला नाव मिळायला पावसाळा संपावा लागला. शाळा बंद केल्यावर मी कुलूप एकदा ओढून बघते, आणि चार पावले गेले की परत येऊन पुन्हा ओढते. मनाला खात्री पटत नाही, काय करणार? मंगली हवेत मूठ धरून दोन झटके देते. ती मी. चंदाने मला ते फोडून सांगितले तेव्हा मुले लोळून हसली. तुम्हाला चष्मा आणि मला कुलूप. यात तिची काही चूक नाही.

तुम्ही म्हणालात, मी तिच्याशी फार शिकवण्यासारखी वागते. मी तिला राखेत ‘पाणी’ लिहायला शिकवले. अक्षर माझ्यापेक्षा वळणदार काढते. पण तहान लागली की ओंजळच करते. तुम्ही आल्याबरोबर तिच्यापुढे मांडी घालून तिच्याच खुणा शिकायला बसलात. मला सुचले नाही. मास्तरणीने जमिनीवर बसायचे नसते, असे आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितले होते. तुम्हालाही सांगितले असेल.

एक विचार लिहिते, रागावू नका. ‘मत्सर’ हा शब्द मी चांद्याला येऊन शिकले. आमच्या घरी त्याला पोटात दुखणे म्हणतात. आणि तेही माहीत नव्हते इतकी लहान होते, तेव्हा आईने भावाला मांडीवर घेतले की मी चुलीमागे जाऊन बसत असे. शब्द नव्हता. दुखत होतेच. मंगलीला हा शब्द कोणी शिकवणार नाही. तिला ते होत नसेल असे म्हणायचे का?

रुखमा


नागपूर
२ फेब्रुवारी १९५८

प्रिय रुखमा,

रुमालाची कसली काळजी करतेस! मोठी बातमी ऐक. इथल्या मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत मी मंगलीसाठी जागा बोलून ठेवली आहे. राहणं-जेवण तिथंच. पावसाळ्याआधी नवीन मुलं घेतात. यंदा राहिली तर पुढच्या वर्षी तिचं वय जास्त होईल, म्हणाले. तिच्यासारखी पुष्कळ मुलं तिथे आहेत, रुखमा. अंगणात नुसते हात उडत असतात. आजवर तिच्याशी तिच्या हातांनी बोलणारं माणूस म्हणजे ती चिमुरडी चंदा. तिथे गेली तर काय होईल, विचार कर.

तू पत्रूला आणि बुधरीला विचार. तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे, मी तर पाहुणी.

तुझी पत्रं मी आमच्या अभ्यासमंडळात वाचली. वानराची गोष्ट त्यांनी मला दोनदा वाचायला लावली. लवकर कळव.

इंदू


कोसमटोला
२३ मार्च १९५८

ती. इंदुताईंना,

उत्तराला फार उशीर झाला. मोह फुलला आहे, त्यामुळे शाळेत कोणी नाही. पहाटे सगळे गाव टोपल्या घेऊन झाडांखाली असते. इथे प्रत्येकाचे झाड ठरलेले आहे. मुलगी लग्न होऊन सिरोंच्याकडे गेली तरी तिचे झाड तिचेच. जाण्याआधी ती खोडाला वळ, म्हणजे पीळ दिलेल्या गवताचा पट्टा, बांधते आणि कोणातरी एकाला राखायला सांगते. राखणाऱ्याने फुले वेचायची, वाळवायची, तिचा वाटा ठेवायचा. वळ दिसला की दुसरा कोणी त्या झाडाखाली वाकत नाही. मंगलीचेही झाड आहे, शाळेच्या मागच्या उतारावर. तिच्या आजीने दिलेले.

तुम्ही विचारायला सांगितले ते विचारले. घरचे तयार नाहीत. बुधरी म्हणाली, “आमची पोर शहरात जगणार नाई बाई. तिले मोह पायजे, नाला पायजे. तिथी तिच्या मनातलं कोन वळखन? इथी निदान आमी तरी हाओ.” पुष्कळ रडली. पत्रूही नाई म्हणाला. आईबापांच्या मनाविरुद्ध आपण काय करणार? मी जास्त आग्रह केला नाही. त्या शाळेच्या लोकांना तुम्ही कळवून टाका, म्हणजे ती जागा दुसऱ्या कोणाला मिळेल.

मंगली आता मला पाहिले की आपण होऊन माझ्याजवळ येऊन बसते. मीही जमिनीवर बसते. चंदा मोह वेचायला जाते, म्हणून आम्ही दोघीच असतो. चंदा नसली की बरे वाटते, हे तुमच्यापासून काय लपवू? पाच वर्षांची पोर, पण मंगलीने बोट हलवायच्या आत तिला कळलेले असते. मी अजून अडखळते.

मंडळात माझी पत्रे वाचू नयेत ही विनंती. ती तुम्हाला लिहिलेली असतात.

रुखमा


नागपूर
६ एप्रिल १९५८

रुखमा,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. बुधरीचं बोलणं तू फार सुंदर लिहिलं आहेस. मी तुझ्याकडे पाच दिवस होते. तेवढ्या दिवसांत त्या बाईच्या तोंडून मी ‘हो’ एवढंच ऐकलं, आणि तेही पदराआडून. तूच मला लिहिलं होतंस की तिला मराठीतले दोन शब्द येतात. मग हे एवढं लांब भाषण तिनं कोणत्या भाषेत केलं, बाई?

वानराला न आलेला वाघ सांगता येत नाही. तुला येतो.

मी रागानं लिहायला बसले होते. दौत दोनदा बंद केली. आता माझंही ऐक. मंडळात सगळे तिला ‘इंदूची मंगली’ म्हणतात. मी एकदाही म्हटलं नाही की ती रुखमाची आहे, किंवा कुणाचीच नाही. सरांनी टिपण लिहायला सांगितलं, तेव्हा वानराची गोष्ट मला सुचली अशा थाटात मी बोलले. घरी आल्यावर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुझ्याजवळ ओटा आहे, नाला आहे, ती मुलगी रोज येऊन बसते. माझ्याजवळ पुस्तकं. तुला वाटतं तुझ्या एकटीच्याच पोटात दुखतं?

जागा मी सोडलेली नाही. जून उजाडेपर्यंत थांबतील. ती इथे आली तर माझी होईल असं वाटून तू गप्प बसली असशील, तर सांगते, तिथल्या मुलांत गेल्यावर ती माझ्याकडे ढुंकूनही बघणार नाही. मी ते पाहून आले आहे. तरी त्यांना विचार.

इंदू


कोसमटोला
११ मे १९५८

ती. इंदुताईंना,

मी विचारले नव्हते. पत्रूच्या अंगणापर्यंत गेले होते. मंगली तेव्हा मोह पसरत होती. मला पाहून तिने दोन झटके दिले आणि हसली. मी पाणी मागितले, पिऊन परत आले. आणि शाळेत बसून बुधरीचे बोलणे लिहिले. लिहिताना मला रडूही आले, इतके ते खरे वाटत होते. माझ्या लेखणीला हे कोणी शिकवले कोण जाणे.

परवा सकाळी गेले. पत्रू कुऱ्हाडीला धार लावत होता. सगळे सांगितले. त्याने पात्यावरून अंगठा फिरवून धार पाहिली. मग म्हणाला, “मास्तरीणबाई, तुमी मले काऊन इचारून राह्यले? जानार मी हाओ का? तिलेच इचारा ना.”

मी म्हटले, “तिला कसे विचारू? तिने नागपूर पाहिले नाही, आगगाडी पाहिली नाही.”

“तुमी तं शाळा शिकलेल्या. म्या नाल्यापल्याडचं नाई पाह्यलं, तरी तुमी सांगता तं समजते ना मले? तिले बोलता येत नाई, बाई. समजते.” मग बुधरीला त्याने गोंडीत सांगितले. बुधरी माझ्याकडे बघून म्हणाली, “हो.” एवढेच.

मी अंगणात मांडी घातली. चंदाला जवळ बोलावले, तर ती म्हणे, “बाई, तुमीच सांगा. तुमचे हात बी बोलतेत आता, थोडे थोडे.” मग सांगितले. तुमची कडी केली. बोटे लांब पळवून गाडी केली. पुष्कळ मुले, सगळ्यांचे हात उडताना. मंगलीचे डोळे मोठे झाले. तिने आपल्या कानावर हात ठेवून बंद केल्यासारखे केले आणि त्या मुलांकडे, म्हणजे मी हवेत दाखवले होते तिकडे, बोट केले. त्यांचेही? मी मान हलवली. त्यांचेही.

नंतर तिने दोन झटके दिले आणि तिकडेच बोट केले. मी येणार का?

इंदुताई, मला हो म्हणता आले असते. हो म्हटले असते तर ती आत्ताच्या आत्ता उठली असती. मी नाही म्हटले. माझे कुलूप इथे, शाळेच्या दाराला, असे दाखवले. तिने माझ्याकडे किती वेळ बघितले. मग दोन झटके, आणि त्यानंतर हवेतल्या पदराचा शेव दोन्ही मुठींत धरून पिळला. मला कळेना. चंदा खुदकन हसली. “बाई, चष्मेवाली बाई आल्ती तवा तुमी असा पदर पिळून राह्यल्या होत्या. ती मले कवाचीच सांगते. बाईच्या पोटात दुखते म्हनते.”

पत्रू धार लावायचा थांबला आणि दुसरीकडे बघू लागला.

म्हणजे नाताळापासून तिला माहीत होते. हे सगळे तिने कोणत्या शब्दात ठेवले होते, ते तुमच्या सरांना विचारू नका. मला आता ऐकायचे नाही.

काल सकाळी ती माझा हात धरून उतारावर घेऊन गेली. चंदाला मागे परतवले. मोहाची फुले संपली आहेत, टोळ्या म्हणजे मोहाची फळे धरली आहेत. ती गवत उपटत गेली, पीळ देत गेली आणि तिने खोडाला वळ बांधला. झाडाकडे बोट केले. पानगळ दाखवली, फुले पडताना दाखवली, आणि स्वतःच्या छातीला हात लावून खाली जमिनीवर पाय आपटला. इथे, मी. फुलांच्या वेळी. मग माझ्याकडे वळून दोन झटके दिले आणि वेचायची नक्कल केली.

जे घडले नाही, पुढे घडेल, ते सांगता येते का, असे सरांनी विचारले होते. तुम्ही कळवा. वाटल्यास तुमच्या नावाने कळवा, माझी हरकत नाही. खरे तर थोडी आहे. पण कळवा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी आणि पत्रू तिला घेऊन येतो.

रुखमा


नागपूर
७ सप्टेंबर १९५८

प्रिय रुखमा,

टिपण दिलं. वर लिहिलं, ‘कोसमटोल्याच्या शिक्षिका रुखमा रामाजी यांच्या पत्रांवरून’. सरांनी विचारलं, ‘ही कोण?’ मी म्हटलं, ‘माझ्याआधी जिला कळलं ती.’ ते म्हणाले, एका मुलीवरून सिद्धान्त मोडत नाही. नसेल मोडत. पण वर्गात त्यांनी ते ‘शब्द नसेल तर’ हे वाक्य यंदा उच्चारलं नाही.

दर रविवारी शाळेत जाते. पहिला महिना मंगली भिंतीला टेकून बसायची, रस्त्याकडे तोंड करून. मला पाहिलं की धावत यायची. आता येत नाही. तुला म्हटलं होतं ना? तरी प्रत्यक्ष झालं तेव्हा मला फाटकापाशी थांबून नाक पुसावं लागलं. तिचे हात इतके भरभर चालतात की मला पाचातलं एक कळतं. इथल्या मुलांच्या खुणा तिनं उचलल्या, आणि तिच्या खुणा त्यांनी. पट्टे ओढून खांद्यामागे हात टाकला की इथे आता कुणालाही ‘काल वाघ आला होता’ कळतं. वाघ कुणीच पाहिलेला नाही.

परवा एक मुलगी, भंडाऱ्याकडची, दुसरीला काहीतरी सांगत होती. तिनं हवेत मूठ धरली आणि दोन झटके दिले. मी मंगलीकडे पाहिलं. ती मान हलवत होती. दुसरी मुलगी हसली आणि तिनंही दोन झटके दिले.

त्या पोरींनी तुला कधी पाहिलेलं नाही, रुखमा. कोसमटोला कुठे आहे हेही त्यांना माहीत नाही. त्यांच्यात तुझं काय बोलणं चालू होतं, मला कळलं नाही. मी जाऊन विचारलं, तर तिघीही हसत सुटल्या आणि मला काही सांगितलं नाही.

माझं नाव कुणी घेताना दिसलं नाही. लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

इंदू


कोसमटोला
२२ मार्च १९५९

ती. इंदुताईंना,

मोह पडू लागला. पहिल्या दिवशी मी टोपली घेऊन उतारावर निघाले तेव्हा गावात हसू झाले. “मास्तरीण मोह येचाले चालली!” बाबा भेटायला आले होते, त्यांना ते आवडले नाही. म्हणाले, “तुले शाळा शिकवली ते फुलं येचाले का? आपल्या घरी धानाचे कामं नव्हते का?” मी म्हटले, “झाड माझे नाही, बाबा. राखायला दिले आहे.”  थोड्या वेळाने तेही वाकून वेचू लागले, आणि पाकळीला माती लागली म्हणून मलाच बोलले.

चंदा सोबत येते. आता तिचा राग येत नाही, असे लिहिणार होते. कधी कधी येतो. तिच्याशी बोलताना मंगलीचे हात कसे भरभर चालायचे, ते आठवते.

वळ पावसात कुजून गळून पडला होता. पण पत्रूने दिवाळीच्या सुमारास येऊन नवा बांधला, मला न सांगता. फुले शाळेच्या ओट्यावर वाळत घातली आहेत. मुलांना त्यावर पाय देऊ नका म्हणून ओरडावे लागते. वास इतका दाटतो की पाढे म्हणताना डोळे मिटतात.

तुम्ही लिहिले आहे की तिला सुटी एप्रिलच्या शेवटी. तोवर झाड रिकामे होईल. तिला तसे सांगा, म्हणजे तिचा विरस होणार नाही. वाटा ठेवला आहे, हेही सांगा. सांगता येईल ना तुम्हाला? ओंजळ भरून घ्यायची आणि बाजूला झाकून ठेवायची. मग तिच्याकडे बोट करायचे. आणि कडी करून दाखवा की तुम्हीही सोबत येणार आहात. यंदा मी तुमच्यासाठी करणार आहेच, नको म्हणू नका.

काल संध्याकाळी शाळेला कुलूप लावले. एकदा ओढले. चार पावले गेले, थांबले. त्या भंडाऱ्याकडच्या मुलीची आठवण झाली. परत आले आणि पुन्हा ओढले.

तुमची,
रुखमा